शाळा बंद करणारे लांजेवार सर

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर वरून एक पत्र येतं. 'आपल्या तालुक्यातील अनधिकृत शाळांची यादी तात्काळ सादर करावी.' मी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात आवक-जावक सांभाळते, म्हणून ते पत्र सगळ्यात आधी माझ्या हाती पडतं. मी त्यावर शिक्का मारते, नंबर टाकते आणि मला लांजेवार सर आठवतात. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांनी या यादीतली एक शाळा बंद केली. चांगली चालणारी शाळा होती ती. मुलं पळत जायची, मास्तरीण जीव ओतून शिकवायची, आणि तरीही सरांनी ती बंद केली. त्या गावात अजूनही काही लोक त्यांना नावं ठेवतात. मी ठेवत नाही, पण त्यांचं सगळं मला पटलं असंही नाही.

लांजेवार सर आमच्याकडे विस्तार अधिकारी होते. म्हणजे शाळा तपासत फिरणारा माणूस. शाळा जिल्हा परिषदेची असो की खासगी. त्याआधी वीसेक वर्षं ते खेड्यात शिक्षक होते, त्यामुळे साहेब झाल्यावरही गावोगावचे लोक त्यांना 'गुरुजी'च म्हणत. अंगानं काटकुळे, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, आणि काखेत प्लॅस्टिकची एक फाइल. मोटारसायकल त्यांना चालवता येत नसे. एकदा शिकायला घेतली आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी थेट कांद्याच्या ढिगात शिरले. त्यानंतर एसटी, नाहीतर माझी स्कूटी. मागं बसून ते खड्ड्यांशी बोलायचे. 'अरे, मागच्या महिन्यात बुजवला होता न तुले?' असं एकेका खड्ड्याला विचारत आम्ही तालुका पालथा घातला.

शाळेत पोचल्यावर ते मुख्याध्यापकांच्या खोलीत जायचे नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला: 'पाणी कुठं आहे?' दुसराही ठरलेला: 'संडास कुठं आहे?' आणि विचारून थांबायचे नाहीत. मुलं ज्या नळाचं पाणी पितात त्याच नळाला ओंजळ लावायचे आणि मुलांच्याच संडासात जाऊन यायचे. चहा प्यायचे नाहीत. 'चहाच्या पाण्याची तपासणी होत नाही, ते उकळलेलं असते,' असं त्यांचं म्हणणं.

गोंदियाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मोठ्या इंग्रजी शाळेत मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. काचेची दारं, दारात कुंड्या, भिंतीवर थोरामोठ्यांची चित्रं. संस्थाचालकानं स्वतः ट्रेमध्ये सीलबंद बाटली आणली. सर सरळ मागच्या नळाकडं चालू लागले. संस्थाचालक घाबरून मागं धावले, 'साहब, ये लीजिए ना. वो तो बच्चों का है!'

'हां, वही चाहिए,' सर म्हणाले आणि ओंजळभर प्यायले. पाणी कोमट होतं आणि त्याला लोखंडाची चव होती. मीही चाखलं, म्हणून सांगते. मग ते मुलांच्या संडासात गेले आणि नाकाला रुमाल लावून बाहेर आले. अहवालात त्यांनी लिहिलं, 'पाणी मी स्वतः प्यायलो. मुलांना देण्यासारखे नाही.' त्या वाक्यावर पुढं आठवडाभर फोन येत राहिले, त्यात मोठ्या माणसांचेही होते. सर फोनवर नुसतं 'हो जी, हो जी' म्हणायचे आणि अहवालातली काना-मात्राही बदलायचे नाहीत. महिन्याभरात त्या शाळेत पाण्याचं मशीन लागलं.

आता कुणाला वाटेल, खासगी शाळांवर या माणसाचा राग असेल. तसंही नव्हतं. त्याच आठवड्यात आम्ही जिल्हा परिषदेच्या एका शाळेत गेलो. तिथले मुख्याध्यापक सरांचे अध्यापक विद्यालयापासूनचे मित्र. तिथं नळाला पाणीच नव्हतं आणि संडासाला कुलूप होतं. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. सरांनी तेही जसंच्या तसं लिहिलं. मित्र म्हणाले, 'अबे, आपण दोस्त आहो न?' सर म्हणाले, 'दोस्त आहो म्हणून तं वाचून दाखवून राहिलो.' त्या माणसानं दोन वर्षं सरांशी अबोला धरला, मुलीच्या लग्नाची पत्रिकाही दिली नाही. सर बिनबोलावता लग्नाला गेले, आहेर दिला, पंगतीत पोटभर जेवले आणि निघताना नवरीच्या बापाला विचारलं, 'संडास उघडला का?'

वाचून दाखवणं हीसुद्धा त्यांची एक खोड होती. कुणालाही नोटीस द्यायची असली की टपालानं पाठवायची नाही. स्वतः जायचं, समोर बसायचं, सरकारी भाषेतलं सगळं मोठ्यानं वाचायचं आणि मग आपल्या बोलीत समजावून सांगायचं. 'पाठीमागून गोटा मारू नये,' ते म्हणायचे. शिव्या खायच्या तर तोंडावर खाव्यात, हा त्यातला दुसरा भाग.

आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे. नियमांना वैतागून कुणी बोललं की ते म्हणत, 'नियम चांगला का वाईट, ते मुंबईले पुसा. सगळ्यायले सारखा लावला का नाही, ते मले पुसा.' या वाक्यानं मी कधी कधी चिडायची. किरणच्या शाळेच्या वेळी तर फारच चिडले.

चोरखमाऱ्याच्या तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. तिथली किरण नावाची मुलगी डी.एड. झालेली, शिक्षक होण्याची परीक्षाही पास झालेली. भरती निघेल, निघेल म्हणून वाट पाहण्यात तिची वर्षं गेली. शेवटी तिनं वडिलांच्या धानाच्या रिकाम्या गोदामात मुलं शिकवायला सुरुवात केली. आधी पाच-सहा होती. मग गावातले, शेजारच्या टोलीवरचे, म्हणजे वस्तीवरचे, असे करत पहिली ते चौथीचे चार गट झाले, साठेक मुलं झाली. तिला हाताखाली गावातल्याच एका बारावी झालेल्या मुलीची मदत होती. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चार बांध्या, म्हणजे धानाची शेतं, ओलांडून पलीकडं. तिथं बोटांवर मोजण्याइतकी मुलं उरली होती.

मान्यता मात्र किरणकडं नव्हती. खासगी शाळेला मान्यता हवी तर नोंदणी केलेली संस्था लागते, जमीन लागते, ठेव लागते, नियमाप्रमाणे खोल्या लागतात. तिच्याकडं पत्र्याचं गोदाम होतं आणि खडू होते.

पहिल्या भेटीत ती धावतच बाहेर आली. 'या न जी गुरुजी. चहा मांडू का?'

'पाणी दे,' सर म्हणाले.

माठातलं पाणी थंडगार होतं. संडास तिच्या घरचाच, पण धुतलेला. मग सर मुलांच्या मागं सतरंजीवर जाऊन बसले आणि तासभर उठलेच नाहीत. किरण गोष्ट सांगत होती, मधेच थांबत होती आणि पुढं काय झालं असेल ते मुलांनाच विचारत होती. पायल नावाची बारकीशी मुलगी दर वेळी उभी राहून वेगळंच काहीतरी सांगायची आणि सगळी हसायची. सरही हसत होते. उठताना मात्र त्यांनी गोदामाकडं चारी बाजूंनी पाहिलं. एकच दार होतं.

परतीच्या वाटेवर ते खड्ड्यांशीसुद्धा बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, 'माह्यापेक्षा बेस शिकवते, मॅडम.'

'मग?' मी विचारलं.

'मंग काय? बंद करा लागते.'

मी स्कूटी बाजूला घेऊन उभीच केली. 'काऊन जी? ज्या शाळेत कोणी शिकवत नाही ते चालू, अन् हे बंद?'

ते खाली उतरले. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी मला शांतपणे सांगितलं, की ही साठ मुलं सरकारच्या लेखी शाळेतच नाहीत. ती शाळाबाह्य मोजली जातात. चौथी झाल्यावर पाचवीत जायला त्यांच्याकडं दाखला नसेल; दाखल्याशिवाय घ्या असं कायदा म्हणत असला तरी प्रत्येक शाळेशी भांडावं लागेल. किरणनं दिलेल्या कागदाला कुणी विचारणार नाही. पुस्तकं, जेवण, शिष्यवृत्ती, यातलं काहीच त्यांना मिळत नाही. 'अन् ते एकच दार पाह्यलं तुम्ही? उद्या आग लागली तं?' एवढं म्हणून ते पुन्हा मागं बसले. माझा राग गेला नव्हता. मी गाडी चालू केली.

दुसऱ्या दिवशी ते खासगी शाळांच्या तपासणीचा छापील तक्ता घेऊन बांध्यांपलीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. मान्यतेचा तक्ता खासगी शाळांसाठी असतो. सरकारी शाळेला मान्यता घ्यावी लागत नाही. सोयीसुविधांचे नियम मात्र कायद्यात दोघांना सारखेच आहेत. सरांनी किरणच्या शाळेचा एक तक्ता भरला, सरकारी शाळेचा एक भरला आणि दोन्ही एकाच पत्राला जोडून आमच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांच्या टेबलावर ठेवले. दुसऱ्या तक्त्यात होतं: संडास बंद, नळ कोरडा, कुंपणाची भिंत पडलेली, दोन शिक्षकांपैकी एक मतदारयादीच्या कामावर.

साहेबांचा आवाज माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला. 'लांजेवार, शासन शासनाले नोटीस देते का? कायले डोकं खाऊन राहिले?'

'नोटीस नाही जी. अहवाल आहे,' सर म्हणाले. 'त्या पोरीची शाळा मी बंद करतो. पण पोरं न्याचे कुठं? कुलूप लागलेल्या संडासात? पलीकडली शाळा तक्त्यात पास झाली, का मी तिले नोटीस वाचून दाखवतो. तवरी नाही.'

त्यांची निवृत्ती वर्षावर आली होती आणि असल्या वेळी माणूस साहेबाशी वाकडं घेत नाही. सरांना 'कामात दिरंगाई का केली' म्हणून खुलासा मागणारं पत्र निघालं. ते मीच टाइप केलं आणि मीच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं, माझ्या एका वाक्यातली चूक दाखवली आणि खिशात घातलं. नंतरचे चार महिने ते ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत आणि तहसीलमध्ये नुसते बसून राहायचे. माणूस समोर बसूनच राहिला की कंटाळून काम होतं, हे त्यांना ठाऊक होतं. भिंत उभी राहिली. नळाला पाणी आलं. मतदारयादीवरचा शिक्षक परत आला. वाढणाऱ्या मुलांसाठी आणखी एक शिक्षक मिळाला. सर त्या शाळेच्या संडासात जाऊन आले आणि तक्त्यावर बरोबरची खूण केली.

मग ते किरणला नोटीस वाचून दाखवायला गेले. 'मान्यतेशिवाय शाळा चालविणे हा दंडनीय अपराध असून...' त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. किरणनं सगळं ऐकून घेतलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही.

'पोरं मी स्वतः आणून सोडतो गुरुजी,' ती म्हणाली. 'पण एक सांगून ठेवतो. यायच्यातलं एकही पोरगं घरी बसलं, तं ते पाप तुमच्या डोक्यावर.'

'माह्या डोक्यावर,' सर म्हणाले.

जूनअखेरीस शाळा उघडली. शाळेच्या फाटकाला आंब्याची पानं बांधली होती, मुलांना द्यायला गुलाबाची फुलं आणली होती. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, रांग येताना दिसली. पुढं पायल आणि सगळ्यात मागं किरण. सर फाटकाशी यादी घेऊन उभे होते. एकेक मूल आत गेलं की नावापुढं खूण करत होते. शेवटचं मूल आत गेलं आणि त्यामागं किरण आली. सवयीनं ती आत पाऊल टाकणार, एवढ्यात थांबली. सरांनी यादीकडं पाहिलं. यादीत तिचं नाव नव्हतं.

'गुरुजी, मी?' तिनं विचारलं.

सर यादीच पाहत राहिले. आतून दोन-तीन मुलं ओरडली, 'मॅडम, या न!' मुख्याध्यापक दुसरीकडं पाहू लागले. किरण क्षणभर उभी राहिली आणि आल्या धुऱ्यानं एकटीच परत गेली. सर यादी घेऊन मुलांच्या मागं आत गेले. मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला.

संध्याकाळी स्कूटीवरून उतरताना ते म्हणाले, 'तक्त्यात रकानाच नव्हता मॅडम. खोल्यायचा होता, भिंतीचा होता, संडासाचा होता. तिचा नव्हता. अन् मीही शोधला नाही. सहा महिने मी संडास पाहत फिरलो.' त्यांचे डोळे भरून आले होते.

मग त्यांनी शोधला. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव करून किरणला स्वयंसेविका म्हणून घेता येईल, असं त्यांनी शोधून काढलं आणि ठरावाचा कागद घेऊन तिच्या घरी गेले. तिनं त्यांना पाणी दिलं, चहाही दिला, आणि तो त्यांनी पहिल्यांदाच नाही न म्हणता घेतला. ठराव मात्र तिनं परत केला. 'फुकट शिकवाले मी तयार आहो गुरुजी. पण हाजरीवर माझं नाव नसन, तं मी त्या गेटात पाय टाकत नाही. कोणी इचारलं, तू इथं कोण, तं काय सांगू?' तिला तिथं नेमायचा अधिकार त्यांना नव्हता, आमच्या साहेबांनाही नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी सरांनी कार्यालयातून काहीही नेलं नाही. शाल-श्रीफळ घेतलं आणि एका वहीत त्या साठ मुलांची नावं आपल्या हातानं उतरवून घेतली. पुढं गोरेगावात राहायला आले तरी पंधरा दिवसांतून एकदा एसटीनं त्या शाळेत जायचे आणि हजेरी पाहायचे. आता त्यांना तसा काही अधिकार नव्हता, पण त्यांना अडवायची कुणाची छाती होत नव्हती.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मला ते गोरेगावच्या बाजारात भेटले. मी भाजी घेत होते, ते वांगी निवडत होते. इतक्यात पलीकडून किरण आली. ती आता तिरोड्याला एका कापडाच्या दुकानात कामाला जात होती. तिनं सरांना नमस्कार केला. सरांनी वांगी तशीच ठेवून दिली.

'पोरं कसे आहेत गुरुजी?'

सरांनी एकेकाचं सांगायला सुरुवात केली. कोण पाचवीत गेलं, कोणाला शिष्यवृत्ती लागली, कोणाचं गणित अजून कच्चं आहे. वांगीवाली बाई वैतागून पाहत होती, तरी ते थांबले नाहीत. वही घरीच होती, सगळी नावं त्यांना तोंडपाठ होती. शेवटी त्यांचा आवाज खाली गेला.

'एक सुटली माह्या हातून,' ते म्हणाले. 'पायल. माय-बाप दाखला काढून नागपूरकडं कामाले गेले. तिथं कोणत्या शाळेत नाव नाही. मी दोनदा जाऊन आलो. पत्ताच लागला नाही. तू म्हटलं होतं, पाप माह्या डोक्यावर.'

किरणनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, 'पायल माह्या घरी आहे गुरुजी.'

'कवापासून?'

'दसऱ्यापासून. माय आणून सोडून गेली. दाखला हरवला म्हणते. दुकानातून आलो का मीच शिकवतो तिले. त्या शाळेत न्याचं म्हणजे त्या गेटावर जा लागते, म्हणून नेलं नाही. तुम्हाले सांगू नका म्हणून सगळ्यायले बजावलं होतं.' ती खाली मान घालून बोलत होती. 'चूक झाली माझी. तुम्हाले माहीत पडलं, आता लिहा काय लिहाचं ते.'

सरांनी डोळे पुसले, तेही भर बाजारात आणि रुमालाशिवाय. 'दाखला नसला तरी नाव घालाच लागते. कायदाच आहे तसा,' ते म्हणाले. 'उद्या मी येतो. तू गेटापर्यंत चाल. पुढं नोको येऊ.' आणि माझ्याकडं वळले. 'मॅडम, उद्या सकाळी गाडी आणता का?'

मी नेली. धान कापून झालं होतं आणि बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. किरण पायलचा हात धरून धुऱ्यावरून आली आणि फाटकापासून चार पावलांवर थांबली. सरांनी मुख्याध्यापकांना हाक मारली. मुख्याध्यापक आधी 'दाखला?' म्हणाले, मग सरांच्या तोंडाकडं पाहून पुढं काही बोलले नाहीत; आत जाऊन प्रवेशाचा कागद बाहेरच घेऊन आले. भिंतीवर ठेवून त्यांनी तो भरला. पालकाच्या सहीच्या जागी किरणनं सही केली.

पायल आत गेली. मुख्याध्यापक म्हणाले, 'गुरुजी, तुम्ही तं या न आत. खुर्ची टाकतो.'

सर किरणजवळ जाऊन उभे राहिले. 'नाही जी,' ते म्हणाले, 'मी आज हिच्यासंगं बाहेरच थांबतो.'

आत प्रार्थनेच्या रांगा लागल्या. फाटकाबाहेर ते दोघं हात जोडून उभे राहिले, सर आणि किरण. त्यानंतर मी सरांना पाहिलं नाही. त्याच हिवाळ्यात ते मुलाकडं राहायला गेले. प्रार्थना सुरू झाली आणि पायलनं मान मागं वळवून फाटकाकडं पाहिलं. किरणनं बोटानंच तिला खूण केली, समोर पाहा.